ओंडक्यावरचं लाल टोकांचं शैवाक : ओळख पटवण्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर

या एका ओंडक्यावर जेवढी शैवाकं (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवल यांची जोडी) आहेत तेवढ्यांची यादी करायची, असं काम हाती घेतलं आहे. बाकीची यादी सावकाश चालू राहील, पण आज दिसलेल्या एकासाठी ही वेगळी वही काढली.

ओंडक्याच्या वरच्या कडेला लाल ठिपके होते, चार पावलांवरूनही नजरेत भरणारे. गुडघ्यावर बसून पाहिलं तेव्हा कळलं की ते सुटे ठिपके नाहीत, राखाडी-हिरवट देठांची टोकं आहेत. काडेपेटीतल्या काडीला गुल असावं तसा प्रत्येक देठाच्या डोक्यावर शेंदरी-लाल गोळा. देठ बारीक, बहुतेक सरळसोट, क्वचित एखादा टोकाशी दुभंगलेला. पट्टी लावली: उंची साधारण १२ ते १८ मिलिमीटर, जाडी एक ते दीड मिलिमीटर. बुडाशी लाकडाला चिकटलेले बारीक खवले.

काही देठांना लाल टोक नाही, नुसतंच निमुळतं होत गेलेलं पांढुरकं टोक आहे. ते याच शैवाकाचे की शेजाऱ्याचे, हे आज ठरवत नाही.

फोटो काढले: वरून, बाजूने, पट्टीसह आणि पट्टीशिवाय. आज काहीही उपटलं नाही.

४ नोव्हेंबर

आधी हे शैवाकच आहे ना, ते पक्कं करायचं. कुजक्या लाकडावर लाल दिसणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. नेक्ट्रिया सिनाबरिना नावाची बुरशी मेलेल्या फांद्यांवर गुलाबी-लाल पुटकुळ्या काढते. स्कुटेलिनियाच्या लाल चकत्या ओल्या लाकडावर उगवतात. भिंगातून त्यांच्या कडेला काळे राठ केस दिसतात. लायकोगाला हा श्लेष्मकवक तरुणपणी गुलाबी मण्यांसारखा असतो आणि फोडला की आतून गुलाबी लगदा येतो. आर्सिरियाचेही लालसर तुरे असतात. ट्रेंटेपोहलिया तर शैवल असून केशरी मखमल पसरवतं.

यांतलं बहुतेक सगळं येतं आणि जातं. शैवाक मात्र वाळलं तरी जागेवर उभं राहतं, भिजलं की पुन्हा जिवंत होतं. शिवाय शैवाकात अन्न तयार करणारा, बहुधा हिरवा, भाग असायलाच हवा. स्प्रे-बाटलीने एका कोपऱ्यावर पाणी मारलं. मिनिटभरात राखाडी देठांवर हिरवी झाक चढली, खवले तर चक्क हिरवेगार झाले. लाल गोळे फुगून चकचकीत झाले. नखाने एक खवला उचलला: वरून हिरवट, खालून पांढरा.

शैवाक. हा मुद्दा संपला.

भिजलेल्या अवस्थेतले फोटोही काढले. पुस्तकांतली रंगवर्णनं वाळक्या नमुन्याची असतात, त्यामुळे 'हिरवट' की 'राखाडी' हा वाद भिजलेल्या नमुन्यावर घालण्यात अर्थ नाही. पण दोन्ही अवस्थांचे फोटो शेजारी असले की पुढे कामाला येतात.

८ नोव्हेंबर

नमुना घेतला. सुरीच्या टोकाने लाकडाच्या चिपेसह एक झुबका अलगद सोडवला. देठ खेचून काढले तर बुडाचे खवले लाकडावरच राहतात आणि मग ओळखीची निम्मी सामग्री गेली. झुबक्याचा दहावा हिस्साही घेतला नाही, एवढ्यात सगळं काम होतं. शैवाकं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात; मूठभर उपटून न्यायची चीज नव्हे ही.

कागदी पाकिटात ठेवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि नमुन्यावर दुसरीच बुरशी चढते.

पाकिटावर लिहिलेलं: आडवा ओंडका, साल पूर्ण गळालेली, लाकूड मऊ, नखाने दबतं पण अजून तंतू सुटत नाहीत, वरची बाजू, अर्धी सावली, सोबत शेवाळ आणि दुसऱ्या एका शैवाकाचे पिठाळ देठ. 'मेलेलं लाकूड' एवढंच लिहून भागत नाही. सालीवरचं, सालीशिवाय टणक असलेलं आणि कुजून भुसभुशीत झालेलं, या तीन जागांवरची वस्ती वेगवेगळी असते. आमचा गडी दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या पायरीवर बसला आहे.

११ नोव्हेंबर

दहापट भिंगाखाली.

लाल फळं असलेली शैवाकं दोन अगदी वेगळ्या बांध्यांत सापडतात. एक, लाकडाला किंवा सालीला रंगाच्या थरासारखी चिकटलेली आणि त्यावर लाल चकत्या: रॅम्बोल्डिया, हिमाटोमा वगैरे. मायकोब्लास्टस सँग्विनॅरियसचं फळ वरून काळं असतं, पण खरवडलं की खाली रक्तासारखा लाल थर निघतो. दोन, उभ्या पोकळ देठांची: क्लॅडोनिया.

ब्लेडने एक देठ आडवा कापला. आत पोकळ. बुडाशी खवले, त्यांतून पोकळ देठ, टोकाला फळ. म्हणजे क्लॅडोनियाच, शंका नको.

या देठाला पोडेशियम म्हणतात आणि तो खोडासारखा दिसला तरी खोड नाही. फळाच्याच ऊतीपासून तो वर वाढतो. म्हणजे खवले हे मूळ शरीर आणि त्यावर उभं राहिलेलं सगळं फळाचंच बांधकाम. टोकाच्या लाल भागाला अपोथेसियम म्हणतात. बीजाणू तिथे तयार होतात.

क्लॅडोनियात जगभर सुमारे ५०० प्रजाती धरल्या जातात. बहुतेकांची फळं तपकिरी, थोड्यांची फिकट, आणि एका लहान गटाची लाल. लाल फळं दिसली की चारपाचशेचे काही डझन होतात, हा मोठाच फायदा. पण लाल रंगाचं काम तिथे संपतं. तो रंग रोडोक्लॅडोनिक आम्ल या रंगद्रव्याचा, आणि गटातल्या सगळ्यांकडे तेच रंगद्रव्य आहे. त्यामुळे 'याचा लाल जरा गडद, त्याचा जरा शेंदरी' यावर नाव ठरवणं म्हणजे वेळ घालवणं. फोटो पाहून नावं सांगणारे नेमकं तेच करतात. पुढचं सगळं काम देठाच्या कातडीवर आणि रसायनावर.

१५ नोव्हेंबर

आजचा दिवस फक्त देठाच्या पृष्ठभागाचा. वाळका नमुना, बाजूने तिरका उजेड, वीसपट.

बुडाच्या चारपाच मिलिमीटरपर्यंत अखंड, गुळगुळीत, हिरवट-राखाडी कातडी. त्याच्या वर कातडीला तडे, आणि निम्म्या उंचीपासून वर कातडीच नाही: सगळं बारीक पीठ. सुईने हलकेच खरवडलं तर पीठ निघून आलं आणि खाली अर्धपारदर्शक, टणक नळी उघडी पडली. हे पीठ म्हणजे सोरेडिया: शैवलाच्या पेशी आणि त्यांना गुंडाळलेले बुरशीचे तंतू, दोघांची एकत्र पुडी. वाऱ्या-पाण्याने उडून नवीन जागी पडली की दोन्ही भागीदार सोबतच पोचतात. लाल फळातले बीजाणू मात्र फक्त बुरशीचे. त्यांना नव्या जागी योग्य शैवल गाठावं लागतं.

पिठाचे कण मोजले. बहुतेक २५ ते ५० मायक्रॉन. म्हणजे पिठाळ, रवाळ नाही. हा फरक किरकोळ वाटतो, पण प्रजाती ओळखायच्या किल्लीतल्या (एकेका लक्षणावर फाटे फोडत नावापर्यंत नेणाऱ्या प्रश्नावलीतल्या) अर्ध्या वाटा इथेच फुटतात.

आता उमेदवार.

क्लॅडोनिया क्रिस्टाटेला. लाल टोकांचं शैवाक म्हटलं की पहिलं नाव याचंच निघतं, कारण फोटो याचेच सर्वाधिक फिरतात. एडवर्ड टकरमन यांनी १८५८ साली वर्णन केलेली ही प्रजाती पूर्व उत्तर अमेरिकेतली. मेलेल्या लाकडावर वाढते, लाल टोकं असतात, सगळं जुळतं असं वाटतं. पण तिच्या देठावर सोरेडिया नसतात, कातडी टोकापर्यंत टिकते, रंगात पिवळसर झाक असते आणि देठ वरच्या भागात फांद्या काढतात. आमच्या नमुन्यात चारांतलं एकही नाही. बाद.

क्लॅडोनिया फ्लोर्केआना. हिचे देठही साधे, पेला नसलेले, लाल टोकांचे. लांबून पाहता जुळी बहीण. पण तिच्या देठावर कातडीचे दाणे आणि खपल्या असतात, बारीक पीठ नसतं. सुईने खरवडल्यावर पीठ निघालं, दाणे नाहीत. बाद, पण खूण करून ठेवतो: म्हाताऱ्या देठांवर या दोघींत गोंधळ होऊ शकतो, म्हणून चांगल्या वाढलेल्या पण न झिजलेल्या देठावरच निर्णय घ्यायचा.

क्लॅडोनिया डिडिमा. उष्ण प्रदेशांत दूरवर पसरलेली. देठ दाणेदार-खवलेदार आणि कातडी निघून गेलेल्या जागी आतली नळी तपकिरी, अर्धपारदर्शक दिसते. आमच्या नमुन्यात नळी पिठाने झाकलेली आहे, खरवडल्यावरच दिसली आणि तपकिरी नाही. बहुधा बाद.

पेलेवाल्या सगळ्या, म्हणजे कॉक्सिफेरा, प्लुरोटा, डिजिटाटा, डिफॉर्मिस: देठाच्या टोकाला पेला आणि त्याच्या काठावर लाल फळं. आमच्याकडे पेल्याचा मागमूस नाही. जाता जाता: कॉक्सिफेराला लिनीअसने १७५३ मध्ये नाव दिलं तेव्हा त्याला माहीत असलेली जवळजवळ सगळी शैवाकं त्याने 'लायकेन' या एकाच वंशात कोंबली होती. आज ५०० क्लॅडोनियांमध्ये चाचपडताना त्याचा थोडा हेवा वाटतो.

इन्क्रासाटा. कुजक्या लाकडावर ही येते, पण सोरेडिया खवल्यांच्या कडेला असतात आणि देठ आखूड, पीठ नसलेले. बाद.

उरली क्लॅडोनिया मॅसिलेंटा: साधे बारीक देठ, वरच्या भागात बारीक पीठ, पेला नाही, राखाडी रंग, लाल टोक. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हॉफमन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस नाव दिलेली, आणि जगाच्या फार मोठ्या भागात सापडणारी.

रूप बघून एवढं झालं. आता बाटल्या काढायच्या.

१९ नोव्हेंबर

शैवाकं शेकडो प्रकारची आम्लं तयार करतात, त्यांतली बरीच इतर कुठल्याच सजीवात सापडत नाहीत. विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये दाखवलं की पोटॅशचा किंवा ब्लीचिंगच्या द्रावणाचा थेंब टाकला की काही शैवाकं रंग बदलतात आणि काही नाही, आणि त्यावरून सारख्या दिसणाऱ्या प्रजाती वेगळ्या काढता येतात. गंमत अशी की शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल यांची जोडी आहे, हे श्वेंडेनर यांनी वर्षभराने मांडलेलं म्हणणं नायलँडर यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांची चाचणी मात्र आजही जशीच्या तशी चालते.

आजचं सामान: 'के' म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं १० टक्के द्रावण, 'सी' म्हणजे ताजं ब्लीच. ब्लीच जुनं झालं की मरतं, म्हणून आधी 'सी'ला लाल होतो हे माहीत असलेल्या एका दगडावरच्या शैवाकावर थेंब टाकून पाहिला. झाला लाल, बाटली चांगली आहे.

देठ इतका बारीक की थेंब टाकला तर तो पीठ, फळ, खवला सगळ्यांवर पसरतो आणि कोण रंगलं ते कळत नाही. त्यापेक्षा गाळणकागदाची पद्धत बरी. देठाचा दोन मिलिमीटरचा तुकडा, लाल भाग वगळून, पांढऱ्या गाळणकागदावर ठेवला, त्यावर ॲसिटोनचे दोनतीन थेंब एकेक करून वाळू दिले. आम्लं विरघळून कागदावर तुकड्याभोवती कड्यासारखी जमतात. तुकडा उचलला आणि त्या कड्यावर काचेच्या बारीक नळीने 'के'चा टिपका दिला.

क्षणात गडद पिवळा. थांबून पाहिलं: रंग नारिंगीकडे झुकला, लाल झाला नाही. नवीन तुकडा घेऊन पुन्हा: तसंच.

'सी' : काही नाही. 'के' देऊन त्यावर 'सी' : पिवळ्यात फरक नाही.

यूव्ही (अतिनील) दिवा, ३६५ नॅनोमीटर, अंधाऱ्या खोलीत: देठ मंद, उजळत नाहीत. स्क्वामॅटिक आम्ल असतं तर निळसर पांढरे झळाळले असते. लाल गटातल्याच बेलिडिफ्लोरा आणि सल्फ्युरिना यांच्यावर अशी काट बसली, इन्क्रासाटावर आणखी एक.

'के' गडद पिवळा म्हणजे थॅमनोलिक आम्लाचा दाट संशय. मॅसिलेंटाच्या वर्णनाशी जुळतं.

२१ नोव्हेंबर

आज 'पी', म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन. यासुहिको असाहिना यांनी १९३४ च्या सुमारास ही चाचणी आणली. कामाची आहे पण विषारी आहे. कपड्यावर, त्वचेवर, टेबलावर काळपट डाग पडतात ते जात नाहीत आणि वाफ श्वासात जाऊ द्यायची नाही. अल्कोहोलमधलं द्रावण दिवसभरात खराब होतं. म्हणून स्टायनरचं टिकाऊ द्रावण वापरलं: १ ग्रॅम 'पी', १० ग्रॅम सोडियम सल्फाइट, १०० मिलिलिटर पाणी आणि डिटर्जंटचे काही थेंब. रंग थोडा सावकाश चढतो, पण महिनाभर तीच बाटली वापरता येते. हातमोजे, उघडी खिडकी, खाली टाकाऊ कागद.

लाल टोकाचा देठ: 'पी' गडद पिवळा ते नारिंगी.

मग पहिल्या दिवशी सोडून दिलेल्या, लाल टोक नसलेल्या देठांची पाळी. ते थोडे निमुळते, टोकदार, थोडे वाकलेले, आणि बुडापासून पीठ चढलेलं. त्यांच्यावर 'के' : काही नाही, फार तर मळकट. 'पी' : विटेसारखा लाल, बघता बघता.

हा फ्युमारप्रोटोसिट्रॅरिक आम्लाचा रंग. म्हणजे हे देठ क्लॅडोनिया कोनिओक्रेआचे, तपकिरी फळांच्या गटातले, आणि ते आमच्या लाल टोकवाल्याच्या झुबक्यात घुसून राहतात. फळ नसलेल्या अवस्थेत दोघं एकमेकांसारखे दिसतात आणि फक्त डोळ्यांनी कोणी छातीठोक फरक सांगत असेल तर मी तरी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. दोन थेंबांत मात्र निकाल लागतो.

पाकिटातला नमुना त्यानुसार दोन भागांत निवडला. कोनिओक्रेआ मुख्य यादीत गेलं.

२७ नोव्हेंबर

सूक्ष्मदर्शक. लाल फळाचा उभा पातळ काप, ब्लेडने हातानेच. चांगला काप मिळेपर्यंत बराच कचरा झाला. फळं ओली करून पाच मिनिटांनी कापली की सोपं जातं.

वरच्या थरात रंगद्रव्याचे तांबडे कण. कडेने 'के' आत सोडला आणि लाल भाग जांभळा होत पसरला. कापाच्या कडेने जांभळा धूर ओघळताना दिसतो. रोडोक्लॅडोनिक आम्लाची हीच खूण. यामुळेच परवा लाल भाग वगळून तुकडा घेतला होता: त्याचा जांभळा आणि देठाचा पिवळा मिसळले असते तर काहीच वाचता आलं नसतं.

बीजाणूंच्या पिशव्या अरुंद, प्रत्येकीत आठ. बीजाणू रंगहीन, एकपेशी, लांबट: ८ ते ११ मायक्रॉन लांब, सुमारे ३ रुंद. बऱ्याच पिशव्या रिकाम्या. क्लॅडोनियात बीजाणूंवरून प्रजाती ठरत नाही, पण नोंद असावी.

देठाच्या पिठात गोल हिरव्या पेशी, प्रत्येकीत मोठं, कडा कातरलेलं हरितलवक. अ‍ॅस्टेरोक्लोरिस, क्लॅडोनियांचा नेहमीचा भागीदार. पूर्वी याला ट्रेबॉक्सियातच धरायचे. मागच्या शतकात व्हर्नन अह्मदजियान यांनी क्रिस्टाटेलाची बुरशी आणि शैवल वेगवेगळे वाढवून प्रयोगशाळेत पुन्हा जोडून दाखवले होते; आमच्या यादीतून बाद झालेल्या प्रजातीची ती ओळख मोठी आहे.

फळाशेजारी खवल्यांवर आणि देठांच्या टोकांवर सुईच्या अग्राएवढे लालसर ठिपके दिसले. पिक्निडिया, म्हणजे बुरशीच्या दुसऱ्या, अगदी बारीक बीजाणूंच्या कुप्या. त्यांतही लाल चीक असतो. म्हणजे फळ धरलं नसलं तरी पिक्निडिया सापडले तर लाल गट ओळखता येतो. मैदानात भिंग घेऊन फिरताना उपयोगी पडेल.

५ डिसेंबर

आज ओंडक्यावर पुन्हा गेलो, कारण एक प्रश्न डोक्यात होता. वरच्या कडेवरच्या झुबक्याचीच चाचणी झाली आहे. टोकाकडे, जिथे लाकूड जास्त ओलसर आहे, तिथे असाच दिसणारा आणखी एक झुबका आहे. तो वेगळा नमुना धरायचा, असं ठरवून चिपेसह थोडा आणला.

दिसायला फरक शून्य. देठ बारीक, वर पीठ, लाल टोक, पेला नाही. पिठाचे कण त्याच मापाचे.

गाळणकागद, ॲसिटोन, 'के'.

काहीच नाही. कागद पांढरा तो पांढराच.

'पी' : काहीच नाही.

बाटल्या बिघडल्या का म्हणून लगेच पहिल्या नमुन्याचा तुकडा शेजारी ठेवून त्याच थेंबाने तपासला. तो पिवळा झाला. म्हणजे बाटल्या ठीक, देठच वेगळे.

यूव्हीखाली दोघेही मंद.

याचा अर्थ माहीत आहे आणि त्यामुळेच कपाळाला आठी पडली. मॅसिलेंटाची दोन रासायनिक रूपं आहेत. एकात थॅमनोलिक आम्ल: 'के' पिवळा, 'पी' नारिंगी. दुसऱ्यात बार्बॅटिक आम्ल: दोन्हींना प्रतिसाद नाही. या दुसऱ्याला कोणी क्लॅडोनिया बॅसिलॅरिस अशी वेगळी प्रजाती मानतं, कोणी मॅसिलेंटाचाच एक प्रकार मानतं, तर कोणी नावच देत नाही, फक्त रसायन लिहून ठेवतं. रूपात भरवशाचा फरक कोणालाच दाखवता येत नाही, आणि एकाच ओंडक्यावर दोघं वीतभर अंतरावर बसली आहेत.

थेंबांच्या चाचणीत 'काही नाही' हा निकाल मला नेहमी अपुरा वाटतो. पिवळा झाला तर काहीतरी आहे हे कळतं. झाला नाही तर बार्बॅटिक आहे की काहीच नाही की फार थोडं आहे, हे कळत नाही. त्यामुळे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी (अर्कातली आम्लं प्लेटवर वेगवेगळ्या उंचीला चढवून ओळखायची पद्धत) केल्याशिवाय दुसऱ्या पाकिटावर नाव नको.

ताईंना फोन केला. त्या रसायनाच्या, प्लेटा त्यांच्याकडेच असतात. "दोन्ही नमुने आण, पण मला नावं सांगू नकोस," म्हणाल्या. "पाकिटांवर नुसते आकडे टाक. नाव आधी ऐकलं की ठिपका तिथेच दिसायला लागतो."

१४ डिसेंबर

प्लेट झाली.

पद्धत कल्बरसन आणि क्रिस्टिन्सन यांनी १९७० मध्ये बसवून दिलेली. शैवाकवाले तेव्हापासून तीच वापरतात. प्रत्येक नमुन्याचा ॲसिटोनमधला अर्क सिलिकाच्या प्लेटवर खाली ओळीने टिपक्यांनी दिला. नमुना १, नमुना २, त्यांच्या दोन्ही बाजूंना ॲट्रॅनोरिन आणि नॉरस्टिक्टिक आम्ल असलेल्या शैवाकाचा अर्क मापासाठी. आणि थॅमनोलिक आम्लाचा ओळखीचा नमुना म्हणून थॅमनोलिया व्हर्मिक्युलॅरिस, ज्याच्यावरून त्या आम्लाला नाव पडलं. ताईंच्या पेटीतला तो थॅमनोलियाचा तुकडा जुना होता, मूळचा पांढराशुभ्र असणार, आता गुलाबी पडला होता. थॅमनोलिक आम्ल वर्षानुवर्षांत विघटन पावतं तेव्हा असा रंग येतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे आपल्या पाकिटातला नमुना १ ही कधीतरी गुलाबी पडणार. लेबलवर आजचा रंग लिहिलेला असणं किती बरं.

द्रावक टोल्यूइन आणि ॲसिटिक आम्ल. प्लेट बाहेर, वाळवली, यूव्हीखाली पेन्सिलीने ठिपक्यांभोवती गोल काढले, मग १० टक्के सल्फ्युरिक आम्लाचा फवारा आणि ११० अंशांवर ओव्हनमध्ये. रंग हळूहळू वर आले.

नमुना १ : एक ठळक ठिपका, थॅमनोलियाच्या ठिपक्याच्या नेमक्या उंचीवर, त्याच रंगाचा.

नमुना २ : त्या उंचीवर काहीही नाही. वर, बऱ्याच अंतरावर दुसरा ठळक ठिपका. ताईंनी आपल्या जुन्या प्लेटेवरच्या बार्बॅटिकशी उंची पडताळली, मग बार्बॅटिक असलेल्या दुसऱ्या शैवाकाच्या अर्काबरोबर शेजारी पुन्हा चालवली. जुळलं.

एकाही नमुन्यात दोन्ही आम्लं एकत्र नाहीत. अस्निक आम्लही नाही. ते असतं तर देठांना पिवळसर झाक असती, जी आम्हाला पहिल्यापासून दिसली नव्हती.

"आता सांग, काय समजत होतास?" ताई म्हणाल्या. सांगितलं. "मग दोन नावं लावणार का?"

१६ डिसेंबर

त्या प्रश्नावर दोन दिवस गेले. दोन नावं लावायला माझं मन घेत नाही, आणि कारण असं.

एकाच ओंडक्यावर, वीतभर अंतरावर, रूपात काडीचा फरक नसलेली दोन झुबकी. फरक फक्त एका आम्लाचा. वेगळं आम्ल म्हणजे वेगळी प्रजाती असं काही ठिकाणी खरंच असतं. तिथे आम्लाबरोबर वाढीची जागा, प्रसार किंवा अंगकाठी यांतलंही काहीतरी बदलतं. इथे आमच्या हाती तसं काहीही नाही. उलट कोणी उद्या यादी वाचणार असेल तर 'बॅसिलॅरिस' वाचून त्याला वाटेल की दिसायला वेगळं काही आहे, आणि तो ओंडक्यासमोर बसून ते शोधत राहील.

पण रसायन पुसून टाकायलाही मन घेत नाही. आज आपण दोघांना एकच म्हटलं आणि पाकिटावर आम्ल लिहिलं नाही, तर पुढे कोणी वेगळं केलं की आपला नमुना निरुपयोगी. म्हणून नाव एक, आणि नावाशेजारी आम्ल. ज्याला पुढे वेगळं करायचं असेल त्याने करावं. त्याला लागणारं सगळं पाकिटावर असेल.

२० डिसेंबर

दोन्ही नमुने फ्रीझरमधून काढले. कीटक मरावेत म्हणून आठवडाभर उणे २० अंशांवर होते. आम्लरहित कागदाची नवी पाकिटं. प्रत्येकात चिपेसह झुबका, आणि छोट्या घडीत वेगळी काढलेली लाल फळं, म्हणजे पुढच्या माणसाला कापासाठी मुख्य नमुना फोडावा लागणार नाही. वापरलेल्या गाळणकागदाचे तुकडे नाही ठेवले. 'पी'चे डाग शेजारच्या नमुन्यात उतरतात.

पाकीट १ : क्लॅडोनिया मॅसिलेंटा. थॅमनोलिक आम्ल, क्रोमॅटोग्राफीने तपासलं. के गडद पिवळा, पी नारिंगी, सी नाही, यूव्ही नाही. देठ राखाडी, वरचा भाग पिठाळ, पेला नाही, फळं लाल. आडव्या ओंडक्याची वरची कड, सालविरहित मऊ लाकूड. सोबत क्लॅडोनिया कोनिओक्रेआ.

पाकीट २ : क्लॅडोनिया मॅसिलेंटा, व्यापक अर्थाने. बार्बॅटिक आम्ल, क्रोमॅटोग्राफीने तपासलं. के, पी, सी, यूव्ही सगळे नाही. रूप पाकीट १ प्रमाणेच. त्याच ओंडक्याचं ओलसर टोक.

मुख्य यादीत एक ओळ, दोन पाकिटांचे क्रमांक. ओंडक्याच्या खालच्या अंगाला अजून तीन झुबकी आहेत ज्यांच्यावर थेंब टाकलेला नाही. जानेवारीत गाळणकागदाची गड्डी घेऊन तिकडे. दोन आम्लांची झुबकी ओंडक्यावर मिसळून वाढतात की ओलाव्याप्रमाणे वेगळी बसतात, एवढंच आता पाहायचं आहे.